शेठ आले की

सुरतेत, उधन्याच्या बाजारात एका खमण-लोचोच्या दुकानाच्या माडीवर गोपालचा इंग्रजी बोलायचा क्लास होता. खाली फोडणी पडली की वर फळ्यापाशी उभ्या असलेल्या गोपालला शिंक येई आणि बाकांवर बसलेल्यांना भूक लागे. दिवसभर तो एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायचा. संध्याकाळी तोंडावर पाणी मारून, शर्ट बदलून तो 'सर' व्हायचा. वय अठ्ठावीस, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला. कितव्या वर्गात, हे मात्र कोणी विचारल्याशिवाय तो सांगत नसे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगचं वर्ष मागे पडलं होतं. शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं, धंदे पुन्हा पळायला लागले होते, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आपलं सगळं जमलंय, फक्त इंग्रजी तेवढं राहिलंय. अशी माणसं गोपालकडे येत. मार्केटमधले सेल्समन, कतारगामचे हिरे घासणारे काठियावाडी तरुण, एक-दोन नर्सबाया. मराठी असो की गुजराती, सुरतच्या रीतीप्रमाणे सगळ्या पुरुषांना 'भाई' आणि सगळ्या बायकांना 'बेन' म्हणून तो हाका मारी.

गोपालचा एक लाडका नियम होता. दर नव्या तुकडीला तो आधी तो नियम पाजायचा, मग बाकीचं इंग्रजी.

"व्हेन, आफ्टर, बिफोर, अन्टिल, ॲज सून ॲज," तो फळ्यावर घरं काढून सांगे. "ह्या घरांत 'विल'ला प्रवेश नाही. 'विल'नं बाहेर ओट्यावर बसायचं. व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम. बघा, 'कम्स' घरात, 'विल' ओट्यावर. समज्या?"

"पण सर," कतारगामचा वल्लभ म्हणे, "ए तो हजी आव्यो ज नथी! व्हेन ही विल कम बोलवानुं ने?"

"नही बोलवानुं."

ह्या नियमाला इतकं धरून बसायला कारण होतं. गोपालला एक शोध लागला होता. वल्लभसारखी गुजराती पोरं हमखास 'व्हेन ही विल कम' म्हणत, कारण त्यांच्या घरी 'आवशे त्यारे कहीश', म्हणजे येईल तेव्हा सांगेन, असं दोन्हीकडे पुढचंच बोलतात. आणि खानदेशातून आलेली पोरं हमखास 'व्हेन ही केम, आय विल टेल हिम' म्हणत, कारण आपण 'तो आला की सांगेन' म्हणतो. माणूस अजून नवापूरलाही पोहोचलेला नसतो, आणि आपण त्याला 'आला' म्हणून मोकळे! एकच चूक, पण ती दोन वाटांनी होते, हे कळल्यापासून गोपाल नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा वागायला लागला होता. नवीन माणूस आला की त्याच्याकडून एक वाक्य बोलून घ्यायचं आणि डोळे अर्धे मिटून म्हणायचं, "तुम्ही नंदुरबारकडचे का?" निम्म्या वेळा ते खरंही निघायचं.

हर्षदा क्लासला आली ती ह्याच चुकीचा मार खाऊन.

ती बमरोलीची. वडील सुकलाल लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल बघणारे. मूळ गाव दोंडाईचाजवळ. पोरगी मराठी शाळेत शिकली, टायपिंग शिकली आणि पर्वत पाटियाजवळच्या एका साड्यांच्या पेढीवर फोन घ्यायला आणि चलनं करायला लागली. पेढीचा माल कोलंबोला जायचा. तिथले परेरा नावाचे एक व्यापारी आठवड्यातून दोनदा फोन करत. त्यांना हिंदीचा एक शब्द येत नव्हता आणि शेठ कधीच वेळेवर पेढीवर येत नव्हते. मधे सापडायची हर्षदा.

पहिल्या दिवशी, आपलं नाव सांगायचं सोडून, तिनं झालेली फजितीच सांगितली.

"मी त्यांना म्हटलं, व्हेन शेठ केम, आय विल टेल हिम. ते म्हणाले, ही केम? गुड, गुड, गिव्ह हिम. मी म्हटलं, नो नो, नॉट केम. ते म्हणाले, यू सेड केम. आणि बसले ना फोन धरून! परदेशचा फोन, सर. मी आपली येस, नो, येस, नो करतेय. शेवटी शेठ आले खरोखर, आणि परेरा साहेब त्यांना म्हणाले की इतका वेळ तुम्ही तिथंच होतात आणि मला टाळत होतात. शेठ माझ्यावर असे ओरडले की खालचा हमाल वर आला बघायला."

वर्ग हसला. गोपाल हसला नाही. त्याचे डोळे अर्धे मिटले होते.

"तुम्ही दोंडाईचाकडच्या का?"

"हो," ती चकित होऊन म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

त्या क्षणी गोपालला आपल्या आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. सगळ्या शोधांचं असंच असतं म्हणा. कौतुक करणारं माणूस योग्य ते भेटावं लागतं.

त्यानं तिला घरं दाखवली, ओटा दाखवला. ती शांतपणे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे शेठ आलेले नसले तरी 'कम्स'?"

"हो, हर्षदाबेन."

"येणार असले तरी 'कम्स'?"

"हो."

"आणि आलेच नाहीत तर?"

वल्लभ खुदकन हसला. गोपाल म्हणाला, "ते शेठना विचारा."

पुढच्या महिन्या-दीड महिन्यात गोपालचे शर्ट बदलले. आधी दोन होते आणि दोन्ही खडूनं पांढुरके झालेले असत. आता एक इस्त्रीचा, फिकट निळा आला. क्लास सातला सुरू व्हायचा, तर गोपाल त्याच्या बराच आधी येऊन फळा पुसत बसायला लागला, कारण पेढीवरून बमरोलीला घरी जाताना हर्षदा शटल रिक्षानं आधीच येऊन पोहोचायची. त्या वेळात ती दोघं बोलत. म्हणजे ती बोलायची, आणि गोपाल फळ्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा पुसायचा.

एक अडचण फार मोठी होती. पहिल्या दिवशी जिभेवर बसलेलं ते 'हर्षदाबेन' काही सुटत नव्हतं. मनात कितीही गोड बोललं तरी तोंडातून वाक्य बाहेर पडताना शेवटी 'बेन' येऊन उभीच राहायची, लग्नात न बोलावता आलेल्या आत्यासारखी. 'छान साडी आहे, हर्षदाबेन.' 'सावकाश जा, हर्षदाबेन.' एकदा आरशासमोर त्यानं नुसतं 'हर्षदा' म्हणून पाहिलं, तर मागून आई म्हणाली, "कोन रे ती?"

आई म्हणजे धुरपदाबाई. मायलेक पांडेसऱ्याला भाड्याच्या एका खोलीत राहत. वडील गोपाल कॉलेजात असतानाच गेले. तेव्हापासून आईचं एकच मागणं होतं, की पोरानं लग्न करावं, आणि पोराचं एकच उत्तर होतं, स्वतःची खोली झाली की. त्याआधी ते 'नोकरी लागली की' होतं, आणि त्याच्याही आधी 'बी.ए. झालो की'. धुरपदाबाईंना व्याकरण येत नव्हतं, पण त्या म्हणत, "तुना ह्या 'की'ले शेपूटच नही रे भाऊ, नुसतं तोंड शे."

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना नियमानं दगा दिला.

एका सोमवारी हर्षदा क्लासला आली ती तडतडतच. पिशवी बाकावर आदळली.

"सर, तुमच्या नियमानं आज माझं नाक कापलं."

"काय झालं, हर्षदाबेन?"

"परेरा साहेबांनी विचारलं, व्हेन विल ही कम? आता मला कुठं माहीत? शेठ सकाळी देवळात, मग कुणी वारलं त्याच्या बेसण्यात, मग कुणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाला. मी तुमचं घर आठवलं. ओटा आठवला. विल बाहेर काढलं. आणि अगदी ठासून म्हटलं, आय डोंट नो व्हेन ही कम्स."

"शाबास!" गोपाल म्हणाला.

"थांबा. ते म्हणाले, यू वर्क देअर अँड यू डोंट नो व्हेन ही कम्स? एव्हरी डे? आणि हसायला लागले. त्यांना वाटलं, शेठ रोज कधी येतात तेच मला माहीत नाही. म्हणजे ही कसली पेढी! मग शेठना फोनवर तसं बोलून पण दाखवलं, की तुमच्याकडे कोणाच्या यायच्या-जायच्या वेळेचा पत्ता नसतो. खरं म्हणजे ते खरंच आहे. पण शेठना लागलं. आणि शेठना लागलं की मला लागतं."

मराठी समजणारे हसले, मग त्यांनी इतरांना गुजरातीत सांगितलं आणि तेही हसले. गोपालला घाम आला. फळ्यावरची घरं त्याच्याकडे बघत होती. तो मनात म्हणाला, आय डोंट नो व्हेन ही कम्स. मग म्हणाला, आय डोंट नो व्हेन ही विल कम. दुसरं जास्त बरं लागतंय असं त्याच्या कानाला वाटलं, आणि कानाला तसं वाटलं म्हणून त्याला कानाचाच राग आला.

अशा वेळी शहाणा माणूस 'बघून सांगतो' म्हणतो. गोपाल फळ्याकडे वळला.

"नियम म्हणजे नियम. प्रश्न असेल, शेवटी प्रश्नचिन्ह असेल, तरच 'विल'ला आत घ्यायचं. तुमच्या वाक्यात प्रश्नचिन्ह होतं का?"

"नव्हतं."

"मग तुम्ही बरोबरच बोललात. परेरा साहेबांना इंग्रजी येत नसेल."

हर्षदानं त्याच्याकडे पाहिलं. "परेरा साहेबांना इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नाही, सर," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून खाली उतरली.

ती मंगळवारी आली नाही. बुधवारीही नाही. गोपाल निळा शर्ट घालून लवकर येऊन फळा पुसत राहिला. इतका पुसला की फळ्याचा काळा रंग जायला लागला. गुरुवारी वल्लभनं मुद्दाम, अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, "सर, हर्षदाबेन क्यारे आवशे?" गोपालनं त्याला वीस क्रियापदं लिहायला लावली.

त्या संध्याकाळी क्लास संपवून तो सरळ घरी गेला नाही. उधना स्टेशनपर्यंत चालत गेला, तिथून परत आला, आणि घरी पोहोचला तेव्हा आई दारात उभी होती. चूल म्हणजे स्टोव्ह विझवलेला, तवा पालथा.

"इतला वखत?" धुरपदाबाई म्हणाल्या. "तू कवय येशी ते माले काय माहीत? म्हनीसन भाकर टाकी नही. तू उना म्हंजे गरम टाकसू, आसं म्हनं."

गोपाल चप्पल काढता काढता थांबला. एक पाय चपलेत, एक बाहेर.

"आई, काय म्हणालीस?"

"काय म्हनं? भाकर टाकसू म्हनं."

"त्याच्या आधी."

आईला वाटलं, पोरगा चिडलाय. ती जरा हळू आवाजात म्हणाली, "तू कवय येशी, माले माहीत नही."

"आणि मग?"

"तू उना म्हंजे भाकर टाकसू. आरे, व्हयनं तरी काय तुले?"

गोपाल मटकन खाली बसला. 'तू कधी येशील, मला माहीत नाही.' ह्यात 'येशील'. 'तू आलास की भाकरी टाकते.' ह्यात 'आलास'. इंग्रजीत दोन्हीकडे 'व्हेन'च, पण आपल्याकडे ती दोन वेगळी माणसं आहेत. एक 'कधी' आणि एक 'आला की'. 'कधी' हा पोटात प्रश्न घेऊन फिरतो, मग शेवटी चिन्ह असो वा नसो. त्याच्या घरात 'विल'ला खुशाल पाट मांडायचा. ओट्यावर बसवायचं ते फक्त 'आला की' असेल तेव्हा. त्यानं इतकी वर्षं सगळ्यांना त्यांच्या बोलीवरून गाव ओळखून दाखवलं होतं, आणि रोज आपल्याच घरी वाढली जाणारी वाक्यं त्याला ऐकू आली नव्हती.

"आई," तो म्हणाला, "तू फार बरोबर बोलतेस."

"ते तुले आज कळनं?" धुरपदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तवा सुलटा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपालनं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि पर्वत पाटियाला जाऊन धडकला. मार्केटच्या जिन्यात साड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्यांची ये-जा होती. तो एकदा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. पेढीवर गाद्यांवर कोणी नव्हतं. शेठ अर्थातच नव्हते. कोपऱ्यातल्या टेबलाशी हर्षदा डबा उघडून बसली होती. तिनं त्याला पाहिलं आणि घास तसाच हातात राहिला.

"सर? तुम्ही?"

वाटेत त्यानं पुष्कळ पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. "माझं चुकलं," तो म्हणाला, आणि मग उभ्याउभ्याच त्यानं तिला दोन 'व्हेन' समजावले. कधी आणि आला की. आईची भाकरीही सांगितली. हातात खडू नव्हता म्हणून बोटानं हवेत घरं काढली. एका गठ्ठेवाल्यानं वाट मिळावी म्हणून त्याला खांद्यानं हलकेच बाजूला सारलं, तरी तो बोलतच होता.

हर्षदा ऐकत होती. तिचा राग कधीच उतरला होता. खरं म्हणजे मंगळवारीच उतरला होता. पण सर क्लास सोडून इथवर येतात का, हे तिला बघायचं होतं. ते तिनं सांगितलं नाही.

"म्हणजे 'कधी' असेल तर विल," ती म्हणाली, "आणि 'की' असेल तर नाही. एवढंच ना? मग घरं, ओटे कशाला करत बसलात?"

"ते… समजायला सोपं जातं."

"कोणाला?"

गोपाल काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. लांब, न थांबणारी घंटा, परदेशची. हर्षदानं हात रुमालाला पुसला आणि फोन उचलला.

"गुड आफ्टरनून, परेरा साहेब. नो सर. ही इज नॉट हिअर." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. तिनं गोपालकडे एक नजर टाकली आणि सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत म्हणाली, "आय डोंट नो व्हेन ही विल कम. बट व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम."

मग परेरा साहेब काहीतरी म्हणाले आणि फोन ठेवला गेला.

"काय म्हणाले?"

"थँक यू म्हणाले. आधी कधीच नव्हते म्हणाले."

हीच वेळ, असं गोपालला वाटलं. आणि अशा गोष्टी मराठीत बोलायला लाज वाटते म्हणून, आणि 'बेन' म्हणावं लागू नये म्हणूनही, त्यानं इंग्रजी धरलं. "हर्षदा," तो म्हणाला, आणि तिथंच एकदा थांबून त्यानं श्वास घेतला, कारण अर्धा डोंगर चढून झाला होता. "व्हेन आय विल गेट माय ओन रूम, आय विल कम टु युवर फादर."

हर्षदानं डब्याचं झाकण लावलं. मग मान तिरकी करून म्हणाली, "विल?"

"काय?"

"घरात विल आलंय, सर. ओट्यावर बसवा त्याला."

गोपालचा चेहरा लालबुंद झाला. सबंध उधन्याला पाजलेला नियम, आणि आयुष्यातल्या एकुलत्या एक महत्त्वाच्या वाक्यात तो वल्लभ झाला होता! "व्हेन आय गेट माय ओन रूम," तो पुटपुटला, "आय विल कम टु युवर फादर."

"आता व्याकरण बरोबर आहे," ती म्हणाली. "पण अर्थ चुकलाय. तुमची खोली कधी होणार?"

"आय डोंट नो."

"मला वाटलंच." तिच्या कानाच्या पाळ्या आता लाल झाल्या होत्या, पण आवाज सरळ होता. "रविवारी शिरपूरहून एकजण मला बघायला येणार आहे. त्याचं किराणा दुकान आहे. खोल्या तीन आहेत."

गोपाल भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार शोधायला लागला.

"बिफोर ही कम्स," हर्षदा म्हणाली, "यू कम." आणि पुढचा शब्द सापडला नाही म्हणून मराठीत म्हणाली, "आईला घेऊन या. पप्पा शुक्रवारी सुट्टीवर असतात. आज शुक्रवार आहे."

धुरपदाबाईंना पदर सावरायलाही गोपालनं वेळ दिला नाही. संध्याकाळी मायलेक बमरोलीत सुकलालांच्या दारात उभे. आजूबाजूच्या कारखान्यांत माग चालूच होते. जमीन बारीक थरथरत होती. सुकलालांची सगळी हयात त्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे ते कमी ऐकत आणि बाजारात बोलल्यासारखं मोठ्यानं बोलत.

"बठा, बठा! कोनता गावना तुम्ही?"

धुरपदाबाईंनी गाव सांगितलं, भाऊबंद सांगितले. दोन नात्यांपलीकडे एक ओळख निघाली, आणि त्या हुशार बाईनं ती लगेच अर्ध्या नात्यावर आणून ठेवली. मग सुकलाल गोपालकडे वळले.

"तुम्ही काय करतस?"

"इंग्रजी शिकवतो," गोपाल हळूच म्हणाला.

"काय?"

"इंग्रजी."

"जोरमा बोला! माले ऐकाले येत नही."

"इंग्रजी शिकवतो!" गोपाल ओरडला. गल्लीतली दोन डोकी खिडकीत आली.

"आनि पोरगीनी काय गोट शे?"

आता हे ओरडून कसं सांगायचं? गोपालनं आईकडे पाहिलं. आईनं छपराकडे पाहिलं. आतल्या खोलीत कपबशा वाजायच्या थांबल्या होत्या. गोपालनं डोळे मिटले आणि लग्नाची मागणी घातली, इतक्या मोठ्यानं की खिडकीतली दोन डोकी पाच झाली. "पण माझी स्वतःची खोली नाही!" हेही त्यानं त्याच आवाजात सांगून टाकलं, कारण लपवायचं आता काही उरलंच नव्हतं.

सुकलालांनी बसल्या खाटेवर थाप मारली.

"मना लगीनमा माले सोतानी खाट बी नव्हती," ते म्हणाले. "सासरानी दिधी, ती बी मोडेल. लगीन व्हयनं, मंग सगळं व्हयनं." मग आतल्या दाराकडे तोंड करून, "का वं हर्षदा? तू काय म्हनस?"

आतून चहा आला. हर्षदानं आधी धुरपदाबाईंना दिला, मग बापाला, मग गोपालला, आणि देताना खाली मान घालून एवढंच म्हणाली, "साखर कमी आहे. लागली तर मोठ्यानं मागा."

शिरपूरकरांना निरोप गेला. त्यांनी फार वाईट वाटून घेतलं नाही. त्यांना आणखी दोन मुली बघायच्या होत्या. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाल्यावर लग्न करायचं ठरलं, दोंडाईचाजवळच्या गावात. साखरपुड्याला पेढीवरून शेठनी एक साडी पाठवली, कोलंबोच्या मालातली, उशिरा.

साखरपुड्यानंतर हर्षदानं क्लासला येणं बंद केलं. होणाऱ्या नवऱ्याला लोकांसमोर 'सर' म्हणणं तिला बरं वाटेना, आणि नाव घ्यायचं तर त्याहून नाही. गोपालला ते पटलं, तरी पहिल्या संध्याकाळी तो सवयीनं लवकर येऊन बसला. फळा पुसला. मग खडू घेऊन त्यानं जुनी घरं पुन्हा काढली. शेवटी ओटा पुसून टाकला आणि एका घरावर 'कधी', दुसऱ्यावर 'आला की' असं मराठीत लिहिलं.

सातला तुकडी आली. वल्लभनं फळा वाचला, म्हणजे वाचायचा प्रयत्न केला.

"सर, आ तो मराठी छे."

"हां, वल्लभभाई. बेसो," गोपाल म्हणाला. "पहेलां मराठी शीखो."